सभासद क्रमांक एकचं घर वेगळं करून द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
आपली सोसायटी, मुलुंड (पूर्व), मुंबई

सप्रेम नमस्कार.

येत्या विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत पाचवा विषय पुनर्विकासाचा आहे आणि सहावा आमचा. तो असा छापलाय: 'सभासद क्र. १ यांचे बैठे घर व त्याखालील जागा संस्थेच्या मालमत्तेतून वेगळी करून देण्याबाबत आलेल्या अर्जावर विचार करणे.' गेले दोन महिने या एका वाक्यावर जिन्यात, गेटपाशी आणि सोसायटीच्या ग्रुपवर बरंच बोलून झालंय. सभेत मला फार तर पाच मिनिटं मिळतील, आणि पाच मिनिटांत मांडता येईल असं हे नाही. म्हणून लिहितेय.

उघड लिहायला दोन कारणं आहेत. चोवीस फ्लॅटांपैकी नऊ फ्लॅटांचे मालक आता इथे राहत नाहीत. कुणी ठाण्याला, कुणी पुण्याला, दोघं तर देशाबाहेर. मत त्यांनाही आहे आणि त्यांच्यापर्यंत ऐकीव गोष्टीच पोचल्यात. दुसरं असं, की पार्ल्यात, गोरेगावात, चेंबूरला आमच्यासारखी घरं अजून आहेत. मागे इमारत उभी, पुढच्या कोपऱ्यात मूळ मालकाचं बैठं घर आणि सातबारा म्हणा, प्रॉपर्टी कार्ड म्हणा, सगळं सोसायटीच्या नावावर. त्यांच्यातलं कुणी याच वाटेला लागलं असेल, तर मला वर्षभर हेलपाटे घालून जे कळलं ते त्यांना निदान घरबसल्या कळावं.

आधी हे घर सोसायटीत आलं कसं ते सांगते, कारण आज ज्यांच्या हातात मत आहे त्यांच्यातल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

बाबांनी कोकणातली वडिलोपार्जित बाग विकून १९५८ साली इथे दोन हजार वार जागा घेतली. आजच्या हिशेबात १,६७२ चौरस मीटर. मिठागरं जवळ होती, स्टेशनच्या पूर्वेला फारशी वस्ती नव्हती, आणि संध्याकाळनंतर कोल्हे ओरडताना ऐकू यायचे असं आई सांगायची. १९६१ साली रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात मंगलोरी कौलांचं घर झालं. बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्याबरोबरची बहुतेक माणसं लालबाग-परळच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत सहा-सहा, सात-सात जण राहत. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी तालमकींच्या पुढाकाराने सहकारी तत्त्वावर घरं बांधली होती, ती गोष्ट बाबा कौतुकाने सांगायचे. आपणही करू शकतो, असं त्यांनी वर्कशॉपमधल्या आणि ओळखीतल्या चोवीस जणांच्या मनात भरवलं. ज्या पैशांना जागा घेतली होती त्यात व्याज मिळवून तेवढ्यालाच ती संस्थेला द्यायचं ठरलं.

अडचण आमच्या घराची होती. बाबांना घराखालची आणि भोवतालची जागा स्वतःकडे ठेवायची होती. त्यासाठी आधी प्लॉटची पोटविभागणी करून घ्यावी लागणार होती: महापालिकेची मंजुरी, मग मोजणी, मग दोन वेगळी प्रॉपर्टी कार्डं. त्यात वर्षभर जाईल, असं त्यांना सांगण्यात आलं. इकडे चोवीस जणांनी बायकांचे दागिने मोडून पैसे उभे केले होते, सिमेंट परमिटवर मिळत होतं, आणि एकाची तर खोली रिकामी करायची मुदतही संपत आली होती. बाबा म्हणाले, वर्षभर कशाला खोळंबता, घरही घाला संस्थेत, आपल्याला कोण बाहेर काढणार आहे. १९७४ साली संस्था नोंदली गेली आणि सगळे दोन हजार वार संस्थेच्या नावे खरेदीखताने गेले. खरेदीखताच्या सहाव्या पानावर नोंद आहे, की 'विक्रेत्याचे राहते घर व त्याखालील जागा' यांचा मोबदला घेतलेला नाही. त्याच्या बदल्यात त्यांना पाच शेअर मिळाले.

ते शेअर सर्टिफिकेट आत्ता माझ्यासमोर आहे. कागद घडीवर फाटलाय, मागून मी पोस्टातली पारदर्शक पट्टी लावलीय. जांभळ्या शाईचा गोल शिक्का, शाईपेनाने लिहिलेलं बाबांचं नाव, दर्शनी किंमत पन्नास रुपये, शेअर पाच, एकूण रुपये २५०. आणि वर उजव्या कोपऱ्यात 'सभासद क्रमांक १'. कायद्याने बघायचं तर आमच्या घरावरचा आमचा हक्क तो एवढाच.

हे मी रागाने लिहीत नाहीये. आपली संस्था 'टेनंट को-पार्टनरशिप' प्रकारची आहे, म्हणजे भाडेकरू सहभागीदारीची. जमीनही संस्थेची आणि त्यावरचं बांधकामही संस्थेचं; सभासदाला असतो तो राहायचा हक्क आणि शेअर. दुसरा प्रकार 'टेनंट ओनरशिप'चा. त्यात जमीन संस्थेकडे आणि तिच्यावरचं घर सभासदाचं. स्वतंत्र बंगल्यांच्या सोसायट्या बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. आमचं घर बंगलीच्या जातीचं, पण बसलं फ्लॅटच्या नियमात. आजवर त्याने काही बिघडलं नाही. सेवाशुल्क प्रत्येकाला समान, हा नियम आहे. तेव्हा लिफ्ट बसली त्या दिवसापासून तिच्या खर्चाचा पंचविसावा हिस्सा आम्हीही भरतोय. जिन्याचे दिवे, पंपाचं बिल, वॉचमनचा पगार, सगळं. मला त्याबद्दल तक्रार करायची नाही, तेव्हाही नव्हती. ग्रुपवर एकाने लिहिलं की बंगलीवाल्यांना मेंटेनन्स नकोय म्हणून हे चाललंय. तसं असतं तर तीस वर्षांपूर्वीच अर्ज दिला असता.

मग आत्ताच का? कारण पाचवा विषय. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्के पुरतात. आपल्याकडे पंचवीस जण आहेत, म्हणजे तेरा मतं. आधीच्या नियमात ७५ टक्के लागायचे. तेरा मतं पडतील, याबद्दल मला शंका नाही. पडायलाच हवीत! दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा तुकडा मागच्या पावसाळ्यात खाली आला तेव्हा मी अंगणातच होते. तळमजल्याच्या कॉलमच्या सळ्या बाहेर दिसतायत. इमारत पन्नास वर्षांची झालीय, तिला पाडून नवी बांधणं भाग आहे आणि माझं मत पुनर्विकासाच्या बाजूनेच पडणार आहे. मात्र संस्थेच्या मालमत्तेत आमचं घर आहे, तेव्हा तो ठराव आमच्या घरालाही लागू होणार. जे घर धड आहे तेही पाडलं जाणार.

माझ्या धाकट्या भावाला तुम्ही सगळे ओळखता. तो एकोणसाठ वर्षांचा आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाच्या आजाराने त्याची नजर हळूहळू गेली. सव्विसाव्या वर्षी उजेड-अंधार एवढंच उरलं, पुढे तेही नाही. ट्रेनिंग घेऊन तो बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाला, लोकलने रोज फोर्टला जाऊन-येऊन एकोणतीस वर्षं नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाला. बाहेर तो पांढरी काठी वापरतो. घरात त्याला काठी लागत नाही. ओटीवरून स्वयंपाकघरापर्यंत उजव्या हाताची दोन बोटं भिंतीला टेकवून जातो. जिथे बोटं टेकतात तिथे ऑइल पेंट उडून आतला चुना गुळगुळीत झालाय. जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर एक पट्टाच उमटलाय. रंगवायला येतो त्या माणसाला आम्ही तो भाग सोडायला सांगतो. मोरीची पायरी, विहिरीचा कठडा, मागच्या दाराची कडी, गॅसची बटणं हे सगळं त्याने डोळे असताना बघून ठेवलेलं आहे. नव्या जागेत यातलं काहीच त्याने बघितलेलं नसेल. पुनर्विकासात आधी भाड्याच्या घरात तीन-चार वर्षं, मग नव्या टॉवरमध्ये. म्हणजे साठीत दोन अनोळखी घरं हातांनी पाठ करायची. तो करेल, जिद्दीचा आहे. पण दुसरा मार्ग शोधायचाच नाही, हे मला बहीण म्हणून जमत नाही.

तर मार्ग आहे का? मी पोस्टात चौतीस वर्षं काढली, कागदांना घाबरत नाही. गेलं वर्षभर तेच केलं.

पहिली समजूत माझीच चुकीची होती. मला वाटलं, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०च्या कलम १७ मध्ये संस्थेचं विभाजन आहे, दोन तृतीयांश मतांनी ठराव केला की झालं. वकिलांनी समजावलं, की ते विभाजन म्हणजे एका संस्थेच्या दोन संस्था करणं. दोन विंग वेगळ्या होतात तेव्हा ते उपयोगी. एका घराची संस्था होत नाही. आपल्याला करायचंय ते वेगळं: प्लॉटची पोटविभागणी आणि तो लहान तुकडा संस्थेकडून नोंदणीकृत दस्ताने सभासदाच्या नावे हस्तांतरित करणं. त्यानंतर सभासदाने राजीनामा द्यायचा आणि शेअर परत करायचे. याची सुरुवात सर्वसाधारण सभेच्या ठरावापासून होते. जमिनीची मालक संस्था आहे, तेव्हा अर्जावर सही संस्थेची लागते. ती नसेल तर आर्किटेक्ट नकाशा पुढे नेऊ शकत नाही आणि नगर भूमापनवाले मोजणीला येत नाहीत. एका कार्यालयात मला सांगितलं, आधी वेगळं प्रॉपर्टी कार्ड आणा मग बोलू. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आधी मंजूर नकाशा आणा. तिसरीकडे, आधी संस्थेचा ठराव. फिरून फिरून मी आपल्याच गेटपाशी आले. म्हणून हा अर्ज.

एका बाबतीत आपण नशीबवान आहोत, तेही सांगते. मुंबईत असंख्य सोसायट्यांची जमीन अजून बिल्डरच्या किंवा जुन्या जमीनमालकाच्याच नावावर आहे. फ्लॅटविक्रीबाबतच्या १९६३च्या मोफा कायद्याने चार महिन्यांत करून द्यायचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त, लोकांना चाळीस-चाळीस वर्षं मिळालेलं नाही, आणि शेवटी मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे मालकाच्या सहीवाचून सरकारकडून ते करून घेण्यासाठी, अर्ज करावा लागतो. आपलं कार्ड पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर आहे. त्यामुळे पुनर्विकासाला आपल्याला कुणाच्या दारात जावं लागत नाही, आणि आमचा तुकडा वेगळा करायलाही कुणा तिसऱ्याची संमती लागत नाही. पंचवीस जणांनी बसून ठरवायचा प्रश्न आहे.

आता एफएसआय, म्हणजे जागेच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा. याच्यावरून सगळ्यात जास्त तापलंय आणि ते बरोबरही आहे, म्हणून इथे मी आकडे लपवत नाही. आर्किटेक्टने आखलेला तुकडा १६० चौरस मीटरचा आहे. आपला रस्ता ४४ फुटी, म्हणजे १३.४ मीटरचा. उपनगरात अशा रस्त्यावर विकास नियंत्रण नियमावली २०३४ प्रमाणे मूळ १, सरकारला प्रीमियम भरून मिळणारा ०.५ आणि टीडीआरचा, म्हणजे दुसऱ्या जागेचे बांधकाम-हक्क विकत घेऊन मिळणारा, ०.७ असा एकूण २.२ एफएसआय मिळू शकतो, आणि त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे आणखी जादा बांधकाम. १६० गुणिले २.२ म्हणजे ३५२; फंजिबल धरून साधारण ४७५ चौरस मीटर. आमचा तुकडा बाहेर पडला तर नव्या इमारतीतलं एवढं बांधकाम कमी होतं. ग्रुपवर 'पाच हजार फूट गेले' असं जे फिरतंय ते इथून आलंय आणि आकडा खोटा नाही.

पण हिशेब तिथे थांबत नाही. आम्ही आत राहिलो तर आमच्या घराच्या बदल्यात बिल्डरने आम्हालाही जागा द्यायची आहे. आमचं घर ९० चौरस मीटरचं, आणि वाढीव जागा इतरांना मिळेल तशी आम्हालाही. त्यात भर म्हणजे मधल्या काळातलं भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, आणि एक पार्किंग. ४७५ मधून तेवढं वजा केलं की जे उरतं ते तुमचं खरं नुकसान. शिवाय प्रीमियम आणि टीडीआर फुकट येत नाहीत, पैसे मोजून घ्यावे लागतात. नुकसान शून्य आहे असं मी म्हणणार नाही. चोवीस घरांत ते वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येतं, हे सोसायटीने स्वतः नेमलेल्या आर्किटेक्टकडून काढून घ्यावं. माझ्या आर्किटेक्टवर विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही.

एवढंच लक्षात घ्या, की ज्या १६० चौरस मीटरच्या जोरावर ही वाढीव जागा दिसतेय, त्याचा मोबदला १९७४ साली कुणी दिलेला नाही. सहावं पान वाचा. ते माझ्याकडे आहे तसं सोसायटीच्या कपाटातही आहे.

हद्दरेषेबद्दल. आत्ता आमच्या मागच्या भिंतीपासून इमारतीपर्यंत वीस फूट आहेत. रेषा मधोमध टाकली तर इमारतीच्या बाजूची मोकळी जागा अपुरी पडेल आणि महापालिका तिथेच अडवेल. म्हणून आम्ही रेषा आमच्या भिंतीकडे सरकवायला सांगितलीय. मागची मोरी आणि धुण्याचा दगड त्यामुळे सोसायटीच्या बाजूला जातो. त्या दगडावर आईने आयुष्यभर कपडे धुतले, पण जाऊ दे. स्कूटर लावता ती सगळी जागा तुमच्याकडेच राहते. तुमचा प्लॉट मात्र इंग्रजी एल आकाराचा होतो, हे मान्य करायला हवं. टॉवर मागच्या बाजूला बसवावा लागेल. तुमची इमारत आजही तिथेच आहे. विहीर आमच्या बाजूला येते. मार्च-एप्रिलमध्ये पालिकेचं पाणी कमी होतं तेव्हा गाड्या धुवायला आणि झाडांना तिचंच पाणी जातं. ते तसंच चालू राहील, दस्तात लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. ड्रेनेज. आमच्या संडास-मोरीची लाइन जाते कुठे? ऑगस्टमध्ये प्लंबरला बोलावून मागचं चेंबर उघडलं. लोखंडी झाकण गंजून चिकटलेलं, पहारीने उचकटावं लागलं. आत वीटकाम शाबूत होतं, तळाशी जुनी तपकिरी स्टोनवेअरची पाइप, आणि तिचं तोंड रस्त्याकडे नाही तर उलट तुमच्या इमारतीकडे. प्लंबरने बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओतली आणि मी बी विंगच्या जिन्याखालच्या चेंबरपाशी उभी राहिले. दोन-अडीच मिनिटांत तिथे निळं पाणी आलं. म्हणजे पन्नास वर्षं आमचं सांडपाणी तुमच्या पार्किंगखालून वळसा घालून रस्त्याला मिळतंय. वेगळं व्हायचं तर आम्हाला पुढच्या अंगणातून थेट रस्त्यापर्यंत नवी लाइन टाकावी लागेल, महापालिकेच्या टी वॉर्डकडून जोडणी घ्यावी लागेल. पाण्याचंही तसंच: आज सोसायटीच्या टाकीतून येतं, उद्या स्वतःचं कनेक्शन आणि मीटर. विजेचा मीटर वेगळाच आहे. मालमत्ता कराचं बिल संस्थेच्या नावे एकच येतं, त्याची फोड करून घ्यावी लागेल. कागदावर रेषा मारून घर वेगळं होत नाही, ते जमिनीखालूनही वेगळं करावं लागतं. हा सगळा खर्च आमचा.

खर्चाचं म्हणायचं तर मोजणी फी, आर्किटेक्ट, वकील, मुद्रांक शुल्क, नोंदणी, खोदकाम यांतला एकही रुपया सोसायटीने द्यायचा नाही. मुद्रांक शुल्क बाजारमूल्यावर लागतं, त्यामुळे रक्कम आमच्या दृष्टीने मोठी आहे. माझी ग्रॅच्युइटी आणि भावाच्या प्रॉव्हिडंट फंडातला बराचसा भाग त्यात जाईल. आम्ही दोघांनी बसून ते ठरवलंय. आजवर भरलेल्या सिंकिंग फंडातला आणि दुरुस्ती निधीतला आमचा हिस्सा आम्ही मागणार नाही. पुनर्विकासातून मिळणारा कॉर्पस, भाडं, जागा, पार्किंग कशावरच दावा राहणार नाही. आणि वेगळ्या झालेल्या तुकड्यावर आम्ही उद्या बिल्डर आणून मजले चढवू, ही जी भीती तळमजल्याच्या काकांनी बोलून दाखवली, तिच्यासाठी दस्तात अट घालू: भाऊ हयात असेपर्यंत हे घर पाडायचं नाही, आणि पुढे कधी विकायचं झालं तर पहिला हक्क सोसायटीचा. वकिलांनी मसुदा करून दिलाय, सचिवांकडे प्रत आहे.

'आमचं रखडेल' हा आक्षेप मला सगळ्यात जास्त समजतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाणी गळतं, त्यांना वाट बघायला सांगायचा अधिकार मला नाही. पण सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अच्या निर्देशांप्रमाणे पुनर्विकास ठराव केला की लगेच सुरू होत नाही. सल्लागार नेमायचा, व्यवहार्यता अहवाल घ्यायचा, निविदा मागवायच्या, निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर विकासक निवडायचा, मग विकास करारनामा. या सगळ्याला वर्ष तरी लागतंच. त्याच वर्षात आमची पोटविभागणी बाजूने चालेल. करारनाम्यावर सह्या व्हायच्या दिवसापर्यंत ती पूर्ण झाली नाही, तर आमचा अर्ज रद्द समजायचा आणि आमचं घर तुमच्याबरोबर पुनर्विकासात. हे मी एकटी लिहीत नाहीये. भावाला मसुदा दोनदा वाचून दाखवला. ही अट त्यानेच घालायला लावली. म्हणाला, "त्यांच्या डोक्यावरचं छप्पर माझ्यासाठी थांबायला नको."

आणखी एक. असा ठराव साध्या बहुमताने मंजूर झाला, तरी तेरा विरुद्ध बारा अशा मतांवर मला हे घर नको. बारा घरांशी अबोला धरून त्याच गल्लीत राहण्यात काय अर्थ? पंचविसातले दोन तृतीयांश म्हणजे सतरा. सतरा मतं पडली नाहीत तर मी सभेतच अर्ज मागे घेईन आणि पाचव्या विषयाच्या कागदांवर सही करेन.

मी काही नवं मागत नाही, असं मला मनापासून वाटतं. १९७४ साली एक पोटविभागणी व्हायची राहून गेली. ज्यांच्यासाठी ती थांबवली ती चोवीस कुटुंबं, त्यांची मुलं-नातवंडं म्हणजेच तुम्ही. बाबांनी तेव्हा जे वर्ष वाचवलं, तेवढंच वर्ष आज हवंय. भागीदारी मोडायची म्हणून नाही. सहकारात येणं ऐच्छिक असतं, असं आपल्या उपविधींच्या पहिल्या पानांतच म्हटलंय आणि २०११च्या ९७व्या घटनादुरुस्तीने तो शब्द राज्यघटनेतही आलाय. मनाने आत आलेल्या माणसाला सगळ्यांच्या संमतीने, हिशेब चुकता करून बाहेर पडायलाही वाट असावी, एवढंच माझं म्हणणं आहे. गणपतीला आमच्या ओटीवर आरती होते ती होतच राहील. घर सोसायटीच्या कार्डावर आहे म्हणून काही तुम्ही तिथे येत नव्हता.

सभेच्या आधीच्या शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी पाच ते आठ मी घरीच आहे. आर्किटेक्टचा नकाशा ओटीवर टेबलावर मांडून ठेवते. हद्दरेषा जमिनीवर चुन्याने आखून घेतलीय, चालत जाऊन बघता येईल. १९७४च्या खरेदीखताची प्रत, शेअर सर्टिफिकेट, मसुदा, वकिलांचं मत सगळं तिथे असेल. बाहेरगावच्या सभासदांनी सचिवांकडे निरोप ठेवला तर प्रती पाठवते. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर नक्की या, कारण तुमचे प्रश्न सभेत पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा मला आधी ऐकायचेत. मागचं चेंबर बघायचं असेल तर झाकणाला आता ग्रीस लावलंय, एका माणसाने उघडतं.

आपली,
सभासद क्रमांक १ची मुलगी
मुलुंड (पूर्व)